चार मुलांचे गाणे आणि रोमचा संगीतकार



आज आम्ही ज्याच्याविषयी बोलणार आहोत, तो रोम शहरातला एक गृहस्थ. नाव पिएत्रो देल्ला व्हाल्ले. प्रवासी म्हणून त्याची कीर्ती आहे. पण तो संगीतकारही होता. त्याचा आणि त्वरितादेवीच्या या गावाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पाढ्यांचा आहे.

पिएत्रोचा जन्म १५८६ सालचा. आपल्याकडे गवई गातो आणि साथीदार त्याच्या मागोमाग जातात. त्या काळच्या इटलीत चार-पाच गळे एकाच वेळी निरनिराळ्या चाली गात, आणि त्या चाली वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींत गुंफलेल्या असत. या विद्येचा थोर आचार्य पालेस्त्रीना १५९४ साली रोममध्ये वारला, तेव्हा पिएत्रो आठव्या वर्षात होता. पुढे वारे बदलले. शब्द स्पष्ट ऐकू यावेत, एकाच गळ्याने भावना बोलून दाखवावी, वाद्यांनी नुसता आधार द्यावा, असा नवा आग्रह सुरू झाला. जुन्या-नव्याच्या या सांध्यावर पिएत्रोचा कान घडला. १६०६ साली कार्निव्हलच्या सणात त्याने एक संगीतिका लिहिली आणि पाओलो क्वाल्याती याने तिला चाली दिल्या. नाटकगृह नव्हतेच! आपल्याकडे मिरवणुकीत सोंगांच्या गाड्या निघतात, तशी एक गाडी सजवली, तिच्यावर पाच गाणारे आणि पाच वाद्ये चढवली आणि ती रोमच्या रस्त्यांतून फिरवली.

१६१४ मध्ये तो पूर्वेकडे निघाला. बगदादला त्याने मानी नावाच्या ख्रिस्ती मुलीशी लग्न केले. १६२१ च्या अखेरीस इराणच्या किनाऱ्याजवळ ती वारली. पिएत्रोने तिला परक्या मातीत ठेवले नाही. देह टिकेल अशी व्यवस्था करून त्याने तो पेटीत घातला, आणि हिंदुस्थानच्या प्रवासापायी ती पेटी वर्षानुवर्षे सांभाळली. १६२६ मध्ये तो रोमला परतला आणि पुढच्या वर्षी तिचे दफन केले. असा हा हळवा आणि हट्टी माणूस १६२३ साली सुरतेहून गोव्यास आला. तेथून पोर्तुगीजांचा वकील इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाकडे निघाला, त्याच्याबरोबर हाही सह्याद्री चढला.

वाटेत एका देवळाच्या ओसरीत त्याने चार मुले पाहिली. ती गणित शिकत होती. एक मुलगा ठरावीक सुरात धड्याचा एक भाग म्हणे आणि म्हणता म्हणता जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने तो आकडा काढी. मग बाकीचे तेच सुरात म्हणत आणि तसेच लिहीत. वाळू भरली की वर नवी वाळू पसरत. पंतोजी कोठेच नव्हते! पिएत्रोने विचारले, एखादा भाग विसरला तर सांगणार कोण? मुले म्हणाली, चौघेही एकदम तोच भाग विसरतील हे शक्य नाही. एक चुकला तर दुसरे सुधारतात. ही रीत सुंदर, सोपी आणि खात्रीची आहे, असा शेरा त्याने आपल्या पत्रात दिला.

मंडळी, हा शेरा जुन्याची आरती ओवाळणाऱ्याचा नाही. याच पिएत्रोने १६४० मध्ये एक निबंध लिहून, आपल्या काळचे संगीत मागच्यापेक्षा मुळीच कमी नाही, उलट सरस आहे, असे हिरिरीने मांडले. प्राचीन ग्रीकांचे स्वरग्राम वाजवता यावेत म्हणून त्याने निराळ्या बांधणीची वाद्ये करवून घेतली आणि त्यांसाठी रचनाही केल्या. असा चोखंदळ कानाचा माणूस धुळाक्षरांपाशी थबकला, याचा अर्थ आम्ही असा लावतो. रोममध्ये चार गळे चार वाटांनी जात. ओसरीतले चार गळे एकाच वाटेने जात होते. पण दोन्हीकडे अट एकच. गाताना शेजाऱ्याचा गळा ऐकला पाहिजे. ऐकले नाही, तर तिथे संगीत मोडते आणि इथे हिशेब.

आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणत. त्यात पावकी, निमकी, दिडकी, औटकी असे. १९५७ साली दशमान नाणी आली, मग मापे बदलली, आणि औटकीची गरज उरली नाही. ती गेली म्हणून आम्ही रडत नाही. घोकंपट्टीला नावे ठेवणाऱ्यांशीही आमचे भांडण नाही. छडीच्या धाकाने ओरडून म्हटलेला पाढा म्हणजे नुसता गलका. मात्र त्या ओसरीत छडीही नव्हती आणि गलकाही नव्हता. एकाचे विसरणे तिघांनी भरून काढावे, आणि चुकणाऱ्याला त्यात लाज वाटू नये, अशी ती शाळा होती. आज यंत्र गुणाकार क्षणात करून देते. पण शेजारच्या मुलाची चूक कान देऊन ऐकायला आणि ती न हसता दुरुस्त करायला ते शिकवीत नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच आहे. घरी मुले पाढे म्हणत असतील तर त्यांना एकेकटे बसवू नका. चौघांना एकत्र बसवा, सुरात म्हणू द्या, आणि चूक झाली तर मोठ्यांनी घटकाभर गप्प राहा. उरलेले तिघे काय करतात ते पाहा.