गुंठ्याचा हिशेब आणि नवा फोन



मृग नक्षत्र साधारण ७-८ जूनला लागते. त्याआधीचे पंधरा दिवस आमच्या मानवतला सगळ्यांची नजर आभाळाकडे असते. बियाण्याच्या दुकानात, आडतीवर, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. माझे मात्र त्याच दिवसांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष असते. गूगलची वार्षिक परिषद मे महिन्यात होते आणि ॲपलची जूनमध्ये. पुढच्या वर्षभरात फोनमध्ये काय येणार आणि काय जाणार, ते तिथे कळते. मी मोबाइलची ॲप्स तयार करतो. कंपनी नाही, भागीदार नाही. एक संगणक, चार जुने फोन आणि मी.

माझे मुख्य ॲप शेताचे क्षेत्र मोजते. फोन घेऊन बांधावरून एक फेरी मारायची, की एकर-गुंठे समोर येतात. सरकारी मोजणीची जागा ते घेत नाही, घेऊही नये. ट्रॅक्टरवाल्याने किती नांगरले, फवारणीवाल्याला किती एकरांचे पैसे द्यायचे, एवढ्यापुरते ते आहे. पण भांडणे एवढ्यावरूनच होतात. साधे गणित पाहा. चौरस एकराची एक बाजू सुमारे ६४ मीटर. एका बाजूत ३ मीटरची चूक झाली, तर हिशेबात जवळजवळ २ गुंठ्यांचा फरक पडतो. आणि साध्या फोनमधले जीपीएस मोकळ्या रानातसुद्धा पाचएक मीटर इकडेतिकडे होते. सगळे बिंदू एकाच दिशेला सारखे सरकले तर क्षेत्र बिघडत नाही, हे आपले नशीब. पण बांधावर एखादे डेरेदार लिंबाचे झाड असले किंवा शेजारी पत्र्याची शेड असली, की उपग्रहाचा संदेश तिथे आपटून फोनपर्यंत येतो. वाट लांबल्यामुळे फोनला उपग्रह आहे त्यापेक्षा दूर वाटतो आणि बांध नकाशावर वाकडा होतो. मालकाला वाटते ॲप खोटे, ट्रॅक्टरवाल्याला वाटते मालक खोटा!

यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये थोडा आणि फोनच्या चिपमध्ये जास्त आहे. उपग्रह एकाहून अधिक लहरींवर बोलतात. स्वस्त फोन वर्षानुवर्षे त्यांतली एकच, एल-१ नावाची, ऐकत आले. एल-५ ही दुसरी लहर अशी, की तिच्यात थेट आलेला संदेश आणि आपटून आलेला संदेश वेगळा ओळखणे सोपे जाते. दोन्ही लहरी ऐकणारा फोन प्रथम २०१८ साली शाओमीने आणला. आपली नाविक यंत्रणा तर पहिल्यापासूनच एल-५ वर आहे. मात्र फोनमध्ये ती सर्रास यावी म्हणून मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात इस्रोने एल-१ चीही सोय केली. महागड्या आयफोनच्या १५ प्रोमध्ये त्याच वर्षी नाविक आले. ते ठीकच. माझे डोळे लागले आहेत ते दहा-बारा हजारांच्या फोनकडे, कारण बांधावर फिरतो तो फोन त्या किमतीचा असतो.

सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. ते देतेही आणि काढूनही घेते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ ने उपग्रहांची कच्ची मोजमापे ॲपला वाचू दिली. माझ्यासारख्याला ती दिवाळीच होती. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड ८ ने बॅटरी वाचवण्यासाठी मागे पडलेल्या ॲपला तासातून मोजक्याच वेळा ठिकाण सांगायचे ठरवले. हेतू चांगला. पण आमचा माणूस फेरी सुरू करून फोन खिशात टाकतो! स्क्रीन बंद झाली तरी मोजणी चालू राहावी म्हणून वरच्या पट्टीत कायम सूचना दाखवून काम करायची वेगळी पद्धत मला बसवावी लागली. पुढे २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये त्यासाठीचे परवानग्यांचे नियम आणखी कडक झाले.

जाता जाता एक गंमत. 'ॲप' हा शब्द ज्या अक्षराने सुरू होतो, ते ॲ युनिकोडमध्ये आले २००८ साली. ॲपलचे ॲप स्टोअर उघडले तेही त्याच वर्षी, जुलैत. अक्षराला जागा मिळाली तरी फोनच्या फॉन्टमध्ये ते नसेल तर चौकोनच दिसे. अँड्रॉइडमध्ये संपूर्ण फोन मराठीत वापरण्याची सोय आली ती २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून.

आणि आता तीच पाचवी आवृत्ती सोडायची वेळ आली आहे. गूगलने पुरवलेली कोडची बरीचशी तयार साधने २०२५ च्या मध्यापासून किमान सहावी आवृत्ती मागतात. दुसऱ्या टोकाला, ३१ ऑगस्ट २०२५ नंतर प्ले स्टोअरवर नवे ॲप किंवा सुधारणा टाकायची, तर ती अँड्रॉइड १५ च्या नियमांत बसवावी लागते. अशी मुदत दरवर्षी पुढे सरकते. कंपनीत यासाठी वेगळी माणसे असतात. इथे ऑगस्टचा महिना माझा एकट्याचा त्यातच जातो. नव्याने या धंद्यात येणाऱ्याला तर आणखी एक पायरी आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खाते उघडलेल्याला, ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी ते १२ जणांकडून सलग १४ दिवस वापरून घ्यावे लागते. (आधी ही संख्या २० होती.) इथल्या एका मुलाने आडतीवरचे मुनीम, हमाल गोळा करून बारा भरले. मला ते पुण्या-मुंबईच्या परीक्षकांपेक्षा बरे वाटले. चुका त्यांनी तोंडावर सांगितल्या.

पाचव्या आवृत्तीचे फोन माझ्या वापरणाऱ्यांत अजून आहेत. मुलाने नवा घेतला की जुना वडिलांकडे जातो, आणि बांधावर वडीलच जातात. त्यांच्याकडे आधीचे ॲप चालत राहील, पण पुढची सुधारणा पोचणार नाही. म्हणून ती आवृत्ती सोडण्यापूर्वी तिच्यातली क्षेत्राची चूक जेवढी कमी करता येईल तेवढी करून ठेवायची, असे मी ठरवले आहे. एल-५ असलेला एक फोन यंदा घेतला. पाऊस उघडला की एकाच बांधावर जुना आणि नवा असे दोन्ही फोन घेऊन फिरणार आहे. लिंबाखालून जाताना दोघांत किती गुंठ्यांचा फरक पडतो, ते वहीत लिहून ठेवीन.