दारीं आलेला परका



आजच्या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, अशी अनेकांची इच्छा होती. तो महोत्सवाच्या पुस्तिकेंत छापला जाणारच आहे. शिवाय इतिहास सांगूं लागलें म्हणजे धर्मगुरूंचीं नांवें व इमारतींच्या तारखा यांतच वेळ सरतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून 'मिशन' या एका शब्दाविषयींच मी बोलणार आहें.

हा शब्द कानीं पडतांच पांढरा झगा घातलेला, समुद्र ओलांडून आलेला कोणी फादर आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. अशा थोर पुरुषांचें ऋण आपण विसरूं नये. परंतु आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया हा धर्मगुरू नव्हता, हें किती जणांस ठाऊक आहे? तरुणपणीं त्यानें व्यापार केला. जपानी भाषाहि त्याच्या जिभेवर बसली होती. पुढें मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून शिरला, आणि जपानांत गेलेल्या धर्मगुरूंना त्याच्या त्या भाषेचाच आधार झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें इतर पंचवीस जणांसह तो क्रुसावर हुतात्मा झाला. १८६२ सालीं पोप नववे पायस ह्यांनीं त्याची संतांत गणना केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेंहि १९६५ सालीं हेंच सांगितलें कीं, प्रापंचिकांचें प्रेषितकार्य त्यांच्या बाप्तिस्म्यांतूनच उगवतें.

तेव्हां सणसर-भवानीनगरच्या उसाच्या पट्ट्यांत राहणाऱ्या तुम्हां-आम्हांस हें मिशन कोठें भेटतें?

पंढरीच्या वाटेवर तुकोबांची पालखी दरवर्षीं सणसरीं मुक्कामास येते. त्या रात्रीं या गांवाचें दर्शन घ्यावें. कोणाच्या ओसरीवर दिंडी उतरलेली, कोणाच्या चुलीशीं भाकरीची चळत वाढत असलेली. कोण कोठला, हें कोणी विचारीत नाहीं. वारकऱ्यांच्या पायांस तेल चोळणारे हात मीं पाहिले आहेत, आणि मनांत लज्जितहि झालों आहें. सकाळीं पालखी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघून जाते.

पुढें दिवाळीच्या सुमारास याच शिवारांत दुसरे पाहुणे येतात. ते एका रात्रीचे नव्हेत, चार-पांच महिन्यांचे. मुकादमाची उचल घेऊन बीडकडून आलेलें जोडपें पहांटेच्या थंडींत ऊस तोडतें, मोळ्या बांधतें, गाडी भरतें, आणि रात्रीं पाचटाच्या कोपींत अंग टाकतें. व्यवहारांत या जोडप्याला 'कोयता' म्हणतात; हत्याराचेंच नांव माणसाला! एक दिवस काम चुकलें तर खाडा धरून पैसे कापले जातात. मुलांचें नांव गांवच्या शाळेच्या पटावर, आणि मुलें येथें फडाच्या बांधावर धाकट्या भावंडास सांभाळीत बसलेलीं. यांच्यासाठीं कोणाची ओसरी उघडत नाहीं.

दोष मी दुसऱ्यास देत नाहीं. एका नाताळच्या रात्रींची गोष्ट. मिस्सेची वेळ झाली होती. खिडकींतून पाहतों तों फाटकाशीं टोळीचीं चार-पांच मुलें, डोक्याला फडकीं गुंडाळून, आंतल्या ताऱ्याकडे टक लावून उभीं. आपल्यांपैकींच कोणीतरी त्यांना हटकलें, तीं गेलीं. मला हांक मारतां आली असती. परंतु घंटा झाली होती, वस्त्रें अंगावर होतीं, आणि मी गप्प राहिलों. त्या रात्रीं मीं उपदेश कशावर केला असेल? ज्यांना धर्मशाळेंत जागा मिळाली नाहीं, त्या मरीया-योसेफांवर!

सकाळीं खाऊ घेऊन मी कोपीकडे गेलों. तेथें चुलींतली राख तेवढी होती. टोळी पहांटेसच दुसऱ्या फडावर हलली होती. कोणत्या, हें विचारावयाचें तरी कोणाचें नांव घेऊन? तीन हंगाम मी त्यांच्या दारावरून गेलों होतों. नांव एकाचेंहि ठाऊक नव्हतें.

न्यायाच्या दिवशीं प्रभु काय विचारणार, हें मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत स्पष्ट आहे. तेथें भुकेल्याची व परक्याची चौकशी आहे, मिस्सांची मोजदाद नाहीं. (मिस्सा चुकवावी, असा याचा अर्थ कोणी काढूं नये.) आणि आणखी एक सांगतों. कोणाच्या गरजेचा फायदा घेऊन त्याला आपल्या धर्माकडे ओढणें हें मिशन नव्हे. तें मुकादमाच्या उचलीसारखेंच झालें.

आपल्यांतच एक आजी आहेत. नांव घेतलेलें त्यांना खपणार नाहीं. हंगामभर त्या टोळीच्या बायांना आपल्या हौदाचें पाणी भरूं देतात, आणि प्रत्येकीला नांवानें हांक मारतात. मागें एकीचें तान्हें तापानें फणफणलें, तेव्हां त्या मायलेकरांस घेऊन दवाखान्यांत गेल्या, आणि परत आल्यावर तिचा खाडा पडूं नये म्हणून मुकादमाशीं भांडल्या. मीं विचारलें, "आजी, हें तुम्हांस कोणीं शिकविलें?" त्या म्हणाल्या, "फादर, माझी आईसुद्धां कोयता घेऊनच या मुलखांत आली होती."

येत्या नाताळच्या रात्रीं आपलें फाटक उघडें राहील. तेथें उभें राहण्याचें काम मीं या आजींकडे सोंपविलें आहे; त्यांच्या सोबतीस आणखी दोघे-तिघे हवे आहेत.