जुना पाईप

वडिलांच्या पश्चात त्यांच्या मेजाचा खण आवरताना एखाद्या घरी तंबाखू ओढण्याचा जुना पाईप हाती लागतो. वाटी काजळीने बुजलेली, मुखनळी हिरवट पडलेली, वास उग्र. ही वस्तू टाकून द्यावी असे प्रथम वाटते. परंतु थोडा धीर धरल्यास ती घरच्या घरी पूर्ववत होऊ शकते. मात्र काय काढावे याइतकेच काय राखावे, हेही आधी उमजले पाहिजे.

पाईपाची वाटी बहुधा ब्रायर लाकडाची असते. भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ धरते, तिचे हे लाकूड. ते उष्णता सोसणारे खरे; तथापि आतील काजळीचा थर फार जाड झाला, तर तापून फुगतो आणि वाटीला तडा जातो. म्हणून तो हलक्या हाताने खरवडावा. पण समूळ नव्हे. सुमारे १ मिलिमीटर थर राहू द्यावा, नाहीतर पाते लाकडातच शिरते.

मुखनळी घट्ट बसली असेल तर जोर करू नये. तो सांधा चटकन मोडतो. वास जाण्यासाठी वाटीत जाडे मीठ भरून त्यावर शुद्ध मद्यार्काचे थेंब सोडतात. रात्रभरात मीठ जुना चिकटा शोषून तपकिरी होते. मद्यार्क बाहेरून ओघळल्यास लाकडाचा रंग मात्र जातो.

मुखनळी पुष्कळदा एबोनाइटची, म्हणजे गंधकाने कठीण केलेल्या रबराची असते. उजेड व हवा लागून ती विटते. ओल्या, अतिशय बारीक काचकागदाने घासली की मूळचा काळा रंग वर येतो.

येथेच हात आवरावा लागतो. दांड्यावर निर्मात्याचा ठसा असतो. त्यावरून काचकागद फिरला की अक्षरे कायमची जातात. मुखनळीवरच्या दातांच्या खुणा मंद आचेने पुष्कळशा वर येतात. त्या घालवाव्यात की नाही, हे मात्र कौशल्याने ठरत नाही. तंबाखूचे अपाय आज सर्वश्रुत आहेत. तो पाईप पुन्हा पेटणारही नाही. मग वडिलांनी वर्षानुवर्षे जेथे तो दातांत धरला, तेवढी जागा तशीच राहिली, तर डागडुजी अपुरी म्हणता येणार नाही.