उंबरठा ओलांडणारी : स्मिता पाटील



युनियनच्या माणसाने नटीवर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. आमच्या लेखी नटी हीही कामकरीणच. सोनगीरचा तांबट ठोक्यागणिक भांड्याला घाट आणतो, तशी ती मेहनतीने भूमिकेला घाट आणते.

स्मिता पाटील यांचा जन्म १९५५ साली पुण्यात झाला. पण घराणे याच आग्रा रोडवरच्या शिरपूरचे. मुंबई दूरदर्शनवर त्या मराठी बातम्या वाचीत. तेथून श्याम बेनेगलांनी त्यांना पडद्यावर नेले.

१९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले. वर्गणीची किंमत आम्ही जाणतो. आयुष्य पावत्या फाडण्यात गेले आहे. त्या दोन रुपयांत गरिबाने आपल्याच घरची बाई पडद्यावर मानाने उभी केली. पुढे ‘भूमिका’ आणि झोपडपट्टीवरचा ‘चक्र’ यांसाठी स्मिताबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

१९८२ चा ‘उंबरठा’ आम्ही फार उशिरा पाहिला. त्यात कामासाठी घर सोडणारी बाई आहे. परतताना आमच्या मंडळींनी विचारले, “तुमच्या कमिटीत बाया किती?” आम्ही निरुत्तर झालो. तीस वर्षे हक्क मागत हिंडलो, पण त्यांच्यासाठी खुर्ची मांडली नव्हती.

१३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतर पंधरा दिवसांनी, स्मिताबाई गेल्या. वय अवघे एकतीस. त्यांनी उंबरठा ओलांडून दाखवला. बाहेर जागा करून देणे आपले काम आहे.