गाळातील तबकड्या

तबकडी हा शब्द मराठी घरांना नवा नाही. बडोद्याच्या दरबारचे गायक उस्ताद फैयाज खाँ १९५० साली निवर्तले. परंतु त्यांचा आवाज लाखेच्या तबकड्यांनी पुढील पिढ्यांसाठी राखून ठेवला. ती तबकडी हातून निसटली की तिचे तुकडे होत. म्हणून मुलांना तिच्याजवळ फिरकण्याची मनाई असे. पुढे काळ पालटला. १९८२ साली जपानमध्ये लेसर किरणाने वाजणारी चकचकीत तबकडी, म्हणजे सीडी, बाजारात आली. काही वर्षांतच ती संगणकात जाऊन बसली आणि १९९० नंतरच्या दशकात संगणकावरील खेळ तिच्यातून घरोघर पोहोचले. ही तबकडी मात्र मुलांच्याच हाती पडली, आणि ती कशी सांभाळावी हे त्यांना कोणी सांगितले नाही.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस बडोद्यास, म्हणजे आजच्या वडोदऱ्यास, विश्वामित्रीने घेरले. नदी धोक्याची २५ फुटांची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर चढली; मगरी वस्तीत शिरल्या. अशा पुराचे पाणी ओसरले की तळमजल्यावरील घरांचा संसार उन्हात मांडला जातो. गाद्या, वह्या, लग्नाचे फोटो, आणि त्यांतच कोठेतरी चिखलाने माखलेला तबकड्यांचा एक डबा. "अरे, टाकून दे आता. तो जुना संगणक तरी कुठे उरला आहे?" असे आई म्हणते. तिशी ओलांडलेला मुलगा उत्तर न देता डबा उचलून बाजूला ठेवतो. त्या डब्यात १९९७ साली निघालेला 'एज ऑफ एम्पायर्स' असतो. रविवारच्या दुपारी वडिलांच्या शेजारी बसून तो खेळलेला असतो, आणि ते वडील आज हयात नसतात. हे चित्र कल्पनेतले असले, तरी ते ओळखीचे न वाटणारी घरे थोडीच असतील.

मुलाचे वागणे केवळ हळवेपणाचे आहे काय? तसे म्हणता येणार नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळत नव्हते. जुन्या पुस्तकाची दुसरी प्रत एखाद्या ग्रंथालयात सापडण्याची आशा असते. खेळाच्या बाबतीत ती आशा फार थोडी, म्हणून घरातली तबकडी हीच पुष्कळदा हाताशी असलेली एकमेव प्रत ठरते.

तबकडी वाचवायची तर प्रथम तिची घडण समजून घेतली पाहिजे. सीडीची जाडी अवघी १.२ मिलिमीटर असते. खालची चकाकणारी बाजू नाजूक आणि चित्राची बाजू दणकट, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. खालच्या बाजूस पारदर्शक प्लॅस्टिकचा जाड थर असतो. माहिती वाहणारा धातूचा पातळ पत्रा वरच्या अंगास असून त्यावर केवळ रोगणाचा हात आणि चित्राची शाई असते. त्यामुळे खालचा ओरखडा पुष्कळदा सुधारतो. वरच्या ओरखड्याने मात्र धातूच खरवडला जातो व तेवढी माहिती कायमची जाते. तबकडी दिव्यासमोर धरावी. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर तेथला धातू गेला असे समजावे. डीव्हीडीत माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो; तिची कड उकलत आहे काय, तेही पाहावे.

चिखल लागलेली तबकडी कधीही कोरडी पुसू नये, कारण वाळलेला गाळ काचकागदाचे काम करतो. ती स्वच्छ पाण्याने, शक्य तर शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवावी आणि सावलीत वाळवावी. कडक ऊन किंवा हेअर ड्रायर नको. घरी माहिती भरलेल्या तबकड्या प्रथम हाती घ्याव्यात, कारण त्यांतील रंगाचा थर अधिक लवकर बिघडतो. पुसताना मऊ सुती कापड केंद्रापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. माहिती गोलाकार वळणांनी लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक वळणाचा लहानसा तुकडाच तोडतो आणि तेवढी तूट भरून काढण्याची गणिती योजना तबकडीतच असते. गोल ओरखडा एकाच वळणाचा मोठा भाग खाऊन टाकतो. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांना शिवू नये. टूथपेस्टने घासण्याचा घरगुती उपाय प्रसिद्ध आहे. पण घासणे म्हणजे प्लॅस्टिक झिजवणे, म्हणून तो अखेरचा उपाय समजावा. तडा गेलेली तबकडी तर यंत्रात घालूच नये. वेगवान यंत्रात तबकडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते आणि तडकलेल्या तबकडीच्या त्यात ठिकऱ्या उडू शकतात.

तबकडी वाचू लागली की खेळायला बसण्यापूर्वी तिची पूर्ण नक्कल संगणकात उतरवून घ्यावी. जीएनयू डीडीरेस्क्यू नावाची विनामूल्य आज्ञावली आधी सुस्थितीतील भाग उचलते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि मग त्यांच्याकडे पुन:पुन्हा वळते. एका यंत्राला न वाचलेला भाग दुसरे यंत्र कधी कधी वाचते. काही खेळांचे संगीत गाण्याच्या सीडीप्रमाणे वेगळ्या पट्ट्यांवर असते. तेथे नुसती फाइलींची नक्कल पुरत नाही, या पट्ट्याही उतरवणारी आज्ञावली लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या तबकड्यांतील मजकूर अक्षरश: एकच असतो. एका घरातील तबकडी आतल्या बाजूस खरवडली असेल आणि शेजारच्या घरातील कडेला, तर दोहोंचे चांगले भाग जोडून एक अखंड प्रत तयार होऊ शकते. दोन अपंग प्रती मिळून एक धडधाकट प्रत उभी राहते. पुरात शेजाऱ्याने शेजाऱ्यास हात दिला, तसलाच हा प्रकार आहे.

येथे कायद्याची शंका मनात येणे रास्त आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम संगणक-आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास, ती नष्ट होण्याच्या वा बिघडण्याच्या भयापासून संरक्षण म्हणून, राखीव प्रत करण्याची मुभा देते. त्या प्रती विकण्याची वा वाटण्याची मुभा त्यात नाही, हे विसरू नये.

अखंड तबकडीदेखील चालेलच असे नाही. नकलेला प्रतिबंध करणारी सेफडिस्क नावाची योजना पुष्कळ जुन्या खेळांत होती. विंडोजने २०१५ साली तिचा आधार काढून घेतला आणि निर्दोष तबकड्याही नव्या संगणकांवर मुक्या झाल्या. त्याहून जुन्या, डॉसच्या काळातील खेळांसाठी डॉसबॉक्ससारखी आज्ञावली जुन्या संगणकाचे सोंग घेऊन उपयोगी पडते. सारांश, तबकडी वाचवणे ही अर्धी कामगिरी; तिला बोलते करणारे यंत्र वा त्याचे सोंग टिकवणे ही उरलेली अर्धी.

पुढील पावसाळ्यात विश्वामित्री पुन्हा चढेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. तळमजल्यावरचा डबा माळ्यावर ठेवणे मात्र आजच करता येते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात, आणि त्यांची नक्कल दुसऱ्या घरी, एखाद्या नातेवाइकाकडे सांभाळायला द्यावी. त्या आईलाही मग मुलाने डबा का टाकला नाही ते उमजेल. एखाद्या रविवारी दुपारी तीच त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसेल आणि विचारील, "दाखव तरी, तुझे बाबा यात काय करीत असत ते."