पाहुणा आणि घरची गोष्ट
(नभोवाणीवरील भाषण)



गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात केशोरी नावाचे गाव आहे. तेथून थोडे पुढे गेले की गडचिरोली जिल्ह्याची हद्द लागते. धानाची शेते, मोहाची झाडे, तेंदूची पाने आणि आसपासच्या बाजारांत नावाजलेली मिरची, एवढ्यावर ह्या मुलखाचे वर्णन सहसा आटोपते. परंतु भोवतालच्या खेड्यांतून गोंड कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. त्यांतील पुष्कळांच्या घरी गोंडी बोलली जाते आणि बाजारात झाडीबोली. शाळामास्तर म्हणून माझे आयुष्य ह्याच लोकांत गेले. त्यांच्याकडे येणाऱ्या शहरवासी पाहुण्यांविषयी आज दोन शब्द बोलावे, असे योजिले आहे.

पाहुणे अनेक प्रकारचे येतात. कोणी संशोधक, कोणी छायाचित्रकार, कोणी समाजसेवक, तर कोणी सुट्टीत निसर्ग पाहावयास आलेले कुटुंब. बहुतेकांचा हेतू चांगलाच असतो. सद्गृहस्थाच्या घरी गेल्यावर आपण ओसरीवर बसतो, बोलावल्यावाचून माजघरात जात नाही, आणि देवघरात तर चपला घालून मुळीच जात नाही. हा शिष्टाचार वस्तूंच्या बाबतीत सर्वांस अवगत आहे. माहितीच्या बाबतीत मात्र आपण एकदम देवघरापर्यंत चालत जातो. तुमचे देव किती, तुमच्या घरी औषध कोण देते, कोणती मुळी कोठे सापडते, हे सारे पहिल्याच भेटीत विचारले जाते. इतकेच नव्हे, तर लिहून घेतले जाते आणि त्याचे चित्र व ध्वनी टिपून नेला जातो.

वास्तविक कोणत्याही समाजाच्या माहितीस ओसरी, माजघर आणि देवघर अशी अंगे असतातच. सालेकसा तालुक्यातील कचारगडाचे उदाहरण घ्या. माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते आणि अनेक प्रांतांतून गोंड बांधव येतात. तेथील गुहेत कोंडलेल्या मुलांची पारी कुपार लिंगोने सुटका केली, ही कथा सर्वांसमक्ष सांगितली जाते. ती ऐकण्यास कोणासही मज्जाव नाही. आपण चार देवांचे की सात देवांचे, हे मात्र सोयरसंबंध जुळविताना आवर्जून पाहिले जाते, कारण समान देवसंख्येच्या घरांत विवाह होत नाही. ती माहिती नात्यागोत्याची झाली. आणि वैदूची औषधी ही त्याहूनही आतली. ती गुरूकडून शिष्याकडे जाते. ज्यास हा भेद उमगत नाही, तो यात्रेतील पूजेकडेही तमाशाच्या दृष्टीने पाहतो आणि देवाच्या अंगावर प्रकाशाचे झोत टाकतो.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा कुतूहलाने कोणाचे काय बिघडते? ह्याचे उत्तर इतिहासानेच दिले आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यान्वये संबंध जमातीच गुन्हेगार ठरविल्या गेल्या, त्यांतील माणसांची नावे सरकारी नोंदवहीत चढली आणि त्यांना ठराविक वेळी हजेरी देणे भाग पडले. सोलापुरास अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ह्या जमाती त्या कलंकातून कायद्याने मुक्त झाल्या. परंतु नोंदवहीने जे नाव एकदा डागाळले, ते लोकांच्या मनातून अद्यापि पुरते धुतले गेलेले नाही. नाव, गाव, जात आणि व्यवसाय ह्या साध्या चार रकान्यांनी हा अनर्थ केला.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. १९९० नंतरच्या दशकात माझ्या शाळेच्या गावी काही तरुण छापील प्रश्नपत्रिका घेऊन आले. ते मोठे विनयशील होते. त्यांनी एका वृद्धास विचारले, ‘‘बाबाजी, जंगलातून काय काय आणता? सरपण किती? बांबू किती?’’ म्हाताऱ्याने प्रत्येक प्रश्नास ‘‘नाही जी’’ एवढेच उत्तर दिले, आणि त्याच्या मागे भिंतीशी बांबूची मोळी टेकून ठेवलेली होती! तो लबाड नव्हता. परवान्यावाचून वनातून काही आणणे हा त्या काळी सरसकट गुन्हा समजला जाई, आणि कागदावर लिहिलेला शब्द अखेर कोणाच्या टेबलावर जाऊन पडेल, हे त्यास ठाऊक नव्हते. पाहुण्यांनी आपल्या कागदावर लिहिले, की ह्या घराचा जंगलाशी संबंध नाही.

पुढे २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. त्याच्या नियमांप्रमाणे हक्क शाबीत करण्यासाठी गावातील वृद्धांची लेखी साक्षही ग्राह्य ठरली. म्हणजे कालपर्यंत जे कबूल करणे धोक्याचे होते, तेच आज हक्काचे साधन झाले. माहिती तीच; ती कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी मागितली आहे, ह्यावर तिचे इष्टानिष्ट अवलंबून राहिले. म्हणून आदिवासींनी सारे झाकून ठेवावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. माहितीचे दार कधी आणि कोणासाठी उघडावयाचे, हे घरधन्याने ठरवावे, एवढेच माझे सांगणे आहे.

हे ठरविता येते, ह्याचा दाखला आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे जाहीर केले. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांची नावे ह्या कामाशी निगडित आहेत. बाहेरून आलेला जाणता मनुष्य अभ्यासगटात बसू शकतो, बोलूही शकतो. निर्णय मात्र गाव करते. गावकऱ्यांनी आपल्या वनाचा अभ्यास स्वतः केला, आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. पाहुण्याचे स्थान काय असावे, ह्याचा ह्याहून चांगला धडा मला कोणत्याही पुस्तकात आढळला नाही.

संमतीविषयी आपल्या मनात आणखी एक घोटाळा असतो. एकाने होकार दिला की आपले काम झाले, असे आपण समजतो. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात हावासुपाई नावाची एक लहान आदिवासी जमात आहे. १९९० पासून तेथील लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून एका विद्यापीठाच्या संशोधकांस आपले रक्त दिले. त्याच रक्तावर पुढे मनोविकार, नात्यातील विवाह आणि पूर्वजांचे स्थलांतर ह्यांविषयीही संशोधन झाले. त्यातील काही तर त्यांच्या उत्पत्तिकथेच्या विरुद्ध जाणारे होते. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० साली तडजोड होऊन सात लक्ष डॉलर भरपाई मिळाली आणि उरलेले रक्त जमातीस परत करण्यात आले. एका कामासाठी दिलेली वस्तू दुसऱ्या कामास वापरणे हा विश्वासघात होय, मग ती वस्तू रक्ताचा थेंब असो की तोंडचा शब्द.

आपल्या देशातही ह्या दिशेने पाऊल पडले आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ साली संसदेने व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणार्थ कायदा संमत केला. संमती खुषीची, समजून-उमजून आणि विशिष्ट कामापुरती असावी, व ती देणे जितके सोपे तितकेच परत घेणेही सोपे असावे, असे त्याचे तत्त्व आहे. पण हा कायदा एकेका व्यक्तीचा विचार करतो. संबंध गावाची म्हणून जी विद्या असते, तिच्यासाठी एकाचा होकार पुरत नाही. तेथे गावासच विचारले पाहिजे.

आता खिशातील दूरध्वनीने टिपलेला आवाज क्षणार्धात देशभर जातो. ह्या साधनाने चांगलेही झाले आहे. २०१० साली छत्तीसगढात ‘सीजीनेट स्वर’ नावाची योजना निघाली. तीत साध्या दूरध्वनीवरून आपल्या भाषेत गाऱ्हाणे सांगता येई, आणि ते तपासून मगच इतरांस ऐकविले जाई. ह्या तपासणीचे महत्त्व शहरात बसून कळावयाचे नाही. ज्या मुलखात अनेक वर्षे बंदुकीची दहशत होती, जेथे ‘खबऱ्या’ ह्या एका शब्दाने माणसे प्राणास मुकली, तेथे कोण कोणाशी काय बोलला हे जगजाहीर होणे म्हणजे जिवाशी खेळ होय. पाहुणा आपल्या गावी सुखरूप परततो. बोलणारा तेथेच राहतो.

कित्येकांचा एक आक्षेप रास्त आहे. ते म्हणतात, लिहून ठेवले नाही तर हे ज्ञान लोपेल. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी प्रधानाच्या तोंडून लिंगोची कथा उतरवून घेतली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाली, म्हणून आपणांस ती छापील वाचावयास मिळते. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून अधिक लोक होते. तरीही शाळेत येताच मुले घरची भाषा गिळून टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा लेखन व्हावे, अवश्य व्हावे. मात्र सांगणाऱ्याचे ऋण मानून व्हावे. आमच्या नवेगावबांधच्या अरण्यात राहिलेले कै. मारुती चितमपल्ली ह्यांनी माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांचे नाव आपल्या लेखनातून मराठी वाचकांच्या घरोघरी पोचविले. शिकविणाऱ्याचा मान ठेवून लिहिता येते, ते असे.

अखेर व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. आदिवासी गावी गेलात, तर प्रथम गावच्या जाणत्यांस भेटा आणि येण्याचे कारण सरळ सांगा. पहिला दिवस ऐकण्यात घालवा. चित्र वा आवाज टिपण्यापूर्वी विचारा, आणि तो पुढे कोठे जाणार हेही सांगा. लहान मुलांची चित्रे तर आईबापांच्या अनुज्ञेवाचून घेऊच नका. कोणी ‘नको’ म्हटले तर कारण विचारू नका. कोणी काल सांगितलेले आज परत मागितले, तर खळखळ न करता पुसून टाका. नाव द्यावे की झाकावे, हे ज्याचे नाव त्यालाच ठरवू द्या. आणि जे लिहाल त्याची एक प्रत, त्यांना कळेल अशा भाषेत, त्या गावी अवश्य पाठवा. आमच्याकडून पुष्कळ वह्या भरून गेल्या. परत आलेल्या फार थोड्या. त्या परत येऊ लागतील, तेव्हा आमच्या ओसरीवरील म्हातारी माणसे आपण होऊन अधिक बोलू लागतील, अशी माझी खात्री आहे.