स्थलांतरित मूत्रपिंड

रुग्णाचे स्वतःचेच मूत्रपिंड काढून त्याच्याच ओटीपोटात पुन्हा बसविण्याच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत अमेरिकेतील शल्यविशारद जेम्स हार्डी यांनी 1963 साली प्रसिद्ध केला. अवयव आपलाच असल्यामुळे शरीर त्याला नाकारीत नाही. म्हणून माझे एक सहकारी टाके सुकताच निर्धास्त झाले. चार वर्षांनी कार्यालयातील साध्या तपासणीत त्यांचा रक्तदाब अतोनात वाढलेला आढळला. जोडलेली रोहिणी सांध्यापाशी अरुंद झाली होती. दुखत मात्र काहीच नव्हते! मूत्रवाहिनीही अशीच निमूटपणे आकसू शकते आणि मूत्रपिंड फुगत जाते. तेव्हा रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन व सोनोग्राफी या तपासण्या आयुष्यभर नियमाने कराव्यात. घर बदलले म्हणून घरपट्टी काही चुकत नाही.